बोटीचं इंजिन ताकद देत नाहीये? पाना उचलण्याआधी हे बघा

थ्रॉटल पूर्ण पुढे ढकललाय, इंजिन चालू आहे, आवाजही फारसा बदललेला नाही, पण बोट नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर करून नुसती पाणी ढकलत राहते. प्लेनवर, म्हणजे पाण्यावर उचलून सरकायच्या स्थितीत, येतच नाही. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बोटींची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते. बोट माझ्यापर्यंत पोचते तोवर प्लग बदलून झालेले असतात, कार्बोरेटर एकदा उघडून साफ केलेला असतो, कुणीतरी ठिणगीची महागडी कॉइलही बसवलेली असते आणि दोष जागच्या जागी असतो. ताकद नेमकी कुठे हरवतेय हे कुणी बघितलेलंच नसतं.

ती तीन ठिकाणी हरवू शकते. इंजिन ताकद बनवतच नसेल. बनवत असेल, पण ती पंख्यातून (प्रोपेलरमधून) पाण्यापर्यंत पोचत नसेल. किंवा पोचत असेल, पण बोटीचं ओझंच वाढलेलं असेल. यातलं कुठलं, हे दहा मिनिटांच्या फेरीत कळतं आणि त्यासाठी एकही नट सैल करावा लागत नाही. लागतात फक्त दोन आकडे: पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि त्याच वेळचा बोटीचा वेग.

पाण्यात असतानाच ताकद गेली असेल, तर हे सगळं नंतर. आधी सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट. खडक, धक्का किंवा दुसऱ्या बोटी जवळ असतील तर लगेच नांगर टाका, म्हणजे विचार करायला वेळ मिळतो. पंख्याकडे वाकायच्या आधी इंजिन बंद, किल स्विचची (इंजिन तात्काळ बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढलेली आणि चावी खिशात. यात कधीही सूट नाही. इंजिन मंद चालत असेल तर तसंच हळू चालवत परत या, भर समुद्रात दुरुस्ती काढून बसू नका. मदत लागणारच असेल तर बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओचं १६ नंबरचं चॅनेल आहे. ताकद गेली पण जिवाला लगेच धोका नाही, अशा वेळी पॅन-पॅन म्हणायचं. बोट खडकावर वाहत निघाली असेल, तर मेडे.

दोन आकडे काय सांगतात

इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलला आरपीएम किती ते किती असावेत हे दिलेलं असतं. बऱ्याच आउटबोर्डांसाठी (बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनांसाठी) ते ५००० ते ६००० च्या दरम्यान असतं, पण स्वतःच्या इंजिनाचा आकडा पुस्तिकेतूनच घ्या. वेग जीपीएसवर बघा. नेहमीइतकी माणसं, नेहमीचं सामान, शांत पाणी, ट्रिम (इंजिनाचा कल) नेहमीची. वारा किंवा प्रवाह असेल तर एकदा जाताना आणि एकदा येताना मोजून सरासरी काढा.

आरपीएम झपकन चढतात, कधी नेहमीपेक्षा जास्तच, पण वेग मिळत नाही: इंजिनाचा दोष नाही. पंख्याकडे जा.

आरपीएमही कमी, वेगही कमी: एक तर इंजिन अशक्त आहे, नाहीतर त्याच्यावर ओझं आहे. इथे कान लावा. इंजिन अशक्त असेल तर आवाजात खोट असते. ते मिस मारतं, थरथरतं, मध्येच उचलतं आणि पुन्हा बसतं. ओझ्याखालचं इंजिन एकसलग, पण जड चालतं.

आरपीएम एका ठरावीक आकड्यापर्यंत जातात आणि तिथून काही केल्या पुढे सरकत नाहीत, सोबत बझर वाजतो किंवा दिवा लागतो: इंजिनाच्या संगणकाने स्वतःला वाचवण्यासाठी हात आखडता घेतलाय. हा आकडा बऱ्याच इंजिनांत २००० ते ३००० च्या आसपास असतो. अशा वेळी इंधनव्यवस्था उघडणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं.

आकड्यांइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, ताकद केव्हा जाते? पहिल्या क्षणापासूनच नाही, की पाच मिनिटं झकास पळून मग पडते? थांबवून थोडा वेळ ठेवल्यावर पुन्हा येते का? ही उत्तरं कागदावर लिहून काढा. कुणी मला फोन करून इतकं नीट सांगितलं, तर निम्मं काम फोनवरच होतं.

पंखा आणि तळ

इंजिन बंद करून वर उचला आणि पंखा बघा. गवत, दोरी, जाळं, मासेमारीची तंगूस. तंगूस पंख्याच्या मागे शाफ्टला गुंडाळून दिसेनाशी होते आणि सील कापते, म्हणून पंखा काढूनच बघा. पात्याची कड वाकलेली किंवा तुटलेली असेल तर पाणी पात्याला नीट चिकटून वाहत नाही आणि ताकद फेसात जाते.

बाहेरून पूर्ण चांगला दिसणारा पंखाही दोषी असू शकतो. पंखा आणि शाफ्ट यांच्यामध्ये रबरी बुश असतो, पंखा कशावर आपटला तर गिअर वाचावेत म्हणून. हा बुश सुटला की कमी वेगात सगळं ठीक चालतं, पण ताकद लावली की शाफ्ट आत फिरतो आणि पंखा मागे राहतो. शोधायची युक्ती सोपी आहे. पंख्याच्या मागच्या तोंडाशी आतल्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढा, वाळू द्या, फेरी मारून या. रेघ तुटून दोन तुकडे इकडे-तिकडे झाले असतील, तर बुश गेला. असा पंखा हळू चालवून घरी आणता येतो, जोर लावला तर तिथेच अडकाल.

पंखा धडधाकट, बुशही ठीक, तरी आरपीएम उडतात? मग तो पाण्याबरोबर हवा खेचतोय. इंजिन फार वर बसवलंय का, ट्रिम फार बाहेर आहे का, बघा. इंजिनाच्या पायाला पंख्याच्या वर जी आडवी सपाट पट्टी असते, ती साधारण बोटीच्या तळाच्या पातळीत असावी. आणखी एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: नुकताच बसवलेला फिशफाइंडरचा सेन्सर. तो पंख्याच्या बरोबर पुढे आला की त्याच्यामागे बुडबुड्यांची पट्टी तयार होते आणि ती थेट पंख्यात जाते. असा सेन्सर बाजूला सरकवल्यावर ‘इंजिन बिघडलंय’ म्हणून आलेली बोट त्याच संध्याकाळी पूर्ण वेगाने गेलेली मी पाहिलीय.

हिशोब करून बघायचा असेल तर आरपीएमला पंख्याच्या इंचातल्या पिचने (घसरला नाही तर पंखा एका फेऱ्यात जितका पुढे जाईल त्या अंतराने) गुणा आणि गिअरच्या प्रमाणाला १२१५ ने गुणून त्या आकड्याने भागा. येतो तो पंखा पाण्यात अजिबात घसरला नाही तर मिळणारा वेग, नॉटमध्ये. समजा ५५०० आरपीएम, १७ चा पिच, गिअर २:१. उत्तर साधारण साडेअडतीस नॉट. प्लेनवर पळणाऱ्या बोटीत यातले १० ते २० टक्के घसरणीत जाणारच, म्हणजे ३१ ते ३५ नॉट मिळाले तर सगळं ठीक. पंचवीसच मिळत असतील तर दोष गिअरच्या खाली शोधा.

ओझ्याकडे लोक फार उशिरा बघतात. पाण्यात कायम उभ्या असणाऱ्या बोटीच्या तळाला शेवाळ आणि कडक कवचाचे जीव धरतात, आणि त्यांचा पातळसा थरही वेगाचा मोठा घास घेतो. बिल्जमधलं, म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीतलं, पाणी मोजा. लिटरमागे एक किलो, म्हणजे २०० लिटर म्हणजे तीन माणसं, आणि तीही पिछाडीला बसलेली. जुन्या फायबर बोटीत तळाखालचा फोम पाणी पिऊन बसतो. ते वजन दिसत नाही, क्रेनवर उचलल्यावरच कळतं. पंखा अलीकडे बदलला असेल तर त्याचा पिच बघा. एक इंच पिच वाढला की साधारण १५० ते २०० आरपीएम उतरतात. बोट डोंगरातल्या तलावात नेली असेल, तर हवाही विरळ असते. टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटरमागे सुमारे ३ टक्के ताकद गमावतं आणि त्याला इलाज कमी पिचचा पंखा एवढाच.

बझर वाजतोय

बझर वाजला की पहिल्यांदा इंजिनाच्या बाजूला पडणारी पाण्याची धार बघा. धार नसेल तर लगेच इंजिन बंद. पाणी आत घ्यायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटली असेल, तर ती काढून प्रश्न सुटतो. धारेचं भोक मिठाने किंवा वाळूने बुजलं असेल तर बारीक तारेने मोकळं करा. तरीही धार नाही, तर पाण्याच्या पंपातला इम्पेलर.

इम्पेलर रबराचा असतो आणि पाणी नसताना इंजिन चालवलं तर काही क्षणांत जळतो. ‘नुसतं चालू होतंय का बघतो’ म्हणून जमिनीवर कोरडं चालवलेलं इंजिन पुढच्या फेरीला तापतं. जुना इम्पेलर बाहेर काढल्यावर त्याची सगळी पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा वरच्या पाण्याच्या वाटेत कुठेतरी अडकून आहे. तो सापडेपर्यंत नवा इम्पेलर घालून उपयोग नाही. नवा बसवताना पाती शाफ्ट फिरतो त्याच्या उलट दिशेने, म्हणजे मागे, मुडपली पाहिजेत.

धार जोरात आहे तरी इंजिन तापतं, तर थर्मोस्टॅट बघा. आणि थर्मोस्टॅट उघडाच अडकला तर उलटा त्रास होतो. इंजिन गरमच होत नाही, इंजेक्शनवालं असेल तर संगणक त्याला थंड समजून जास्त पेट्रोल पाजत राहतो, आणि हे पेट्रोल हळूहळू खालच्या ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवरची ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली आणि वास पेट्रोलचा आला, तर आनंद मानू नका. ऑइल बदला, थर्मोस्टॅट तपासा. चार-स्ट्रोक इंजिनात ऑइलचा दाब कमी झाला तरीही आरपीएम असेच अडकतात, म्हणून डिपस्टिक पहिल्या पाच मिनिटांतच बघायची.

इंधन: बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो

‘सुरुवातीला मस्त पळते आणि मग दम सोडते.’ हे वाक्य ऐकलं की मी इंजिनाचं झाकण उघडतही नाही, टाकीकडे जाते. मंद चालताना इंजिनाला थोडं पेट्रोल पुरतं, तेवढं अर्धवट बुजलेल्या वाटेनेही येतं. पूर्ण थ्रॉटलला मागणी कितीतरी पटीने वाढते आणि वाट अपुरी पडते. इंजिनात आधीच साठलेलं पेट्रोल संपेपर्यंत बोट पळते, मग बसते.

पहिली गोष्ट, टाकीची हवेची वाट. सुट्या टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो, तो बंद राहिलेला असतो. बसवलेल्या टाकीला बाहेर एक छोटी व्हेंट असते आणि तिच्या नळीत कीटक घर करतात. टाकीत हवा शिरली नाही तर पेट्रोल बाहेर येणार कसं? ताकद पडली की टाकीचं झाकण सैल करा. ‘फुस्स’ आवाज आला आणि थोड्याच वेळात इंजिनाने उचललं, तर तपास संपला.

दुसरी, हातपंपाचा रबरी बल्ब. हा बल्ब बरंच बोलतो, फक्त तो कधी दाबायचा आणि काय बघायचं हे ठाऊक हवं. त्याच्यावरचा बाण इंजिनाकडे असला पाहिजे. भरताना बाण वर करून उभा धरा, म्हणजे आतल्या झडपा नीट बसतात. इतकं करूनही बल्ब कडक होत नसेल, तर कुठेतरी हवा शिरतेय किंवा झडप गेलीय.

आता जोडीदाराला सुकाणूवर बसवा, बोट ताकद सोडेपर्यंत पळवू द्या, आणि त्या क्षणी बल्ब हातात धरा. चालताना तो थोडा मऊ असणं साहजिक आहे. पण तो चपटा होऊन आत ओढला गेला असेल, तर अडथळा बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. बल्ब गोल आहे, आणि तो दाबताच इंजिन उचलतं, पण दाबणं थांबवलं की पुन्हा बसतं: इंजिनावरचा पंप थकलाय किंवा मागून नळीत हवा शिरतेय. दाबून काहीच फरक पडत नसेल, तर पेट्रोल कदाचित इथपर्यंत ठीक येतंय, पुढे बघा. टाकी, नळी आणि पंप यांतला दोष वेगळा काढायला मला याहून स्वस्त तपासणी माहीत नाही. तुम्हीही ती वगळू नका.

अडथळा मागे आहे असं ठरलं तर टाकीच्या तोंडाशी असलेली झडप बघा. बसवलेल्या टाकीतून नळी निघते तिथे एक छोटी गोळी आणि स्प्रिंग असते. नळी तुटली तर टाकीभर पेट्रोल बोटीच्या तळात वाहून जाऊ नये म्हणून ती असते. ती गंजली किंवा कचऱ्याने अडकली की पेट्रोल गळतंही कमी आणि वाहतंही कमी. ती काढून टाकून काम चालवणारे लोक आहेत. तसं करू नका, नवी बसवा. झडपेच्याही आत, टाकीत बुडवलेल्या नळीच्या टोकाला गाळणी असते आणि ती बुजू शकते.

मग नळी. बाहेरून नळी ताजी दिसते, आतला थर मात्र सुटून लोंबत असतो. ओढ वाढली की हा सुटलेला पापुद्रा वाट बंद करतो, इंजिन मंदावलं की पुन्हा मोकळी होते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या नळ्यांना असं करतं. नळी कापून आत बघितल्याशिवाय हे दिसत नाही, म्हणून जुनी नळी संशयावरूनच बदलावी. नवी घेताना ती मरीन इंधनासाठीची आणि इथेनॉल सोसणारी आहे, हे तिच्यावर छापलेलं वाचून घ्या.

हवेचा संशय असेल तर इंजिनाच्या जरा आधी पारदर्शक इंधन-नळीचा एक तुकडा तात्पुरता जोडून बघा. बुडबुड्यांची माळ दिसली, की मागच्या प्रत्येक क्लिपकडे आणि ओ-रिंगकडे जायचं. क्लिपमधून पेट्रोल बाहेर गळत नसतं, म्हणून लोक तिला निर्दोष मानतात. चालू असताना या नळीत ओढ असते, त्यामुळे भेग बाहेर थेंब न टाकता आत हवा घेते. तपासणी झाली की तो पारदर्शक तुकडा काढून टाका, तो कायमचा ठेवायचा नसतो.

या सगळ्यावर एक उपाय मी नेहमी आधी करते आणि तुम्हालाही तोच सांगेन. एक छोटी सुटी टाकी घ्या, तिची स्वतःची नवी नळी आणि बल्ब, आत ताजं पेट्रोल. बोटीची सगळी इंधनव्यवस्था बाजूला ठेवून इंजिन या टाकीवर लावा आणि पळवा. पळालं, तर दोष बोटीत आहे. इंजिनाला हात लावू नका. नाही पळालं, तर टाकी, झडप, नळी, बल्ब असे चारही संशयित एका फेरीत सुटले.

पेट्रोलची प्रत विसरू नका. पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरमधलं सगळं इंधन काचेच्या स्वच्छ बरणीत ओता आणि दहा-पंधरा मिनिटं हलवू नका. पाणी खाली बसतं, मध्ये स्पष्ट रेघ दिसते. इथेनॉल पाणी शोषून घेतं आणि एका मर्यादेनंतर पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी जातात, नेमके तिथे, जिथून नळी इंधन उचलते. असं फुटलेलं पेट्रोल कुठल्याही औषधाने पुन्हा सांधत नाही. टाकी रिकामी करून साफच करावी लागते. हे काम मोकळ्या हवेत, विडी-काडी आणि ठिणगीपासून लांब. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बिल्जमध्ये उतरून थांबते. इंजिन आत बसवलेलं असेल तर सुरू करायच्या आधी ब्लोअर (वाफ बाहेर ओढणारा फॅन) किमान चार मिनिटं चालवा आणि नंतरही नाकाने वास घ्या.

इंजिनापर्यंत पेट्रोल चांगलं येतंय, तरी ताकद नाही, तर पंपाचा पडदा, त्यापुढचा बारीक फिल्टर. इंजेक्शनच्या इंजिनात वाफ वेगळी करणारी छोटी टाकी असते, तिच्यात जास्त दाबाचा पंप आणि त्याची गाळणी असते. ती गाळणी बुजली की लक्षणं हुबेहूब टाकीच्या दोषासारखी दिसतात. इथे अंदाज नको, दाबाचा गेज लावा आणि आकडा पुस्तिकेशी ताडून बघा. कार्बोरेटरच्या इंजिनात मंद चाल सुरेख आणि वर दम नाही, तर मुख्य जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बुजलेला. जेट तारेने टोचू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो.

ठिणगी, केबल, आणि अगदी शेवटी कॉम्प्रेशन

थ्रॉटलच्या केबलची तपासणी मिनिटभराची आहे. इंजिन बंद, जोडीदार लिव्हर पूर्ण पुढे करतो, तुम्ही झाकण काढून बघा: थ्रॉटलची पाकळी शेवटपर्यंत उघडली का? केबल ताणली असेल तर ती तीन चतुर्थांशच उघडते आणि माणूस वर्षभर ‘इंजिन म्हातारं झालं’ असं समजून चालवत राहतो.

प्लग काढले तर ज्या सिलिंडरचा प्लग त्याच क्रमाने फळीवर मांडा. सगळे सारखे फिकट तपकिरी असतील तर छान. एकच काळा आणि ओला, तर तो सिलिंडर पेटत नाहीये. एकच लख्ख, धुऊन काढल्यासारखा, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय, आणि संशय हेड गॅस्केटवर. पांढरा, फोड आलेला प्लग म्हणजे तिथे पेट्रोल कमी आणि उष्णता जास्त. तसंच चालवत राहिलात तर पिस्टनला भोक पडेल.

कुठला सिलिंडर काम करत नाही हे शोधायला इंजिन मंद चालवून एकेकाची ठिणगी तोडतात. ज्याची तोडल्यावर आवाज पडत नाही, तो आळशी. वायर उघडी हवेत सोडू नका. इग्निशनचा संगणक जळू शकतो आणि ठिणगीने पेट्रोलची वाफ पेटू शकते. इंजिनाच्या धातूला (अर्थला) जोडलेला स्पार्क टेस्टर वापरा. मंद चालीत सगळे ठीक, पण वर मिस मारतं, अशा वेळी टायमिंग लाइट (प्रत्येक ठिणगीला लुकलुकणारा दिवा) एकेका वायरला लावून, जोडीदार बोट चालवत असताना तिचा प्रकाश बघा. लुकलुकणं मध्येच तुटलं, की त्या वायरची कॉइल तापल्यावर सोडतेय. थंड असताना मीटरने मोजलेली अशी कॉइल निर्दोष निघते, म्हणून ती ताकद लावूनच पकडावी लागते.

इंजेक्शनच्या इंजिनात बॅटरीचाही हात असतो. चालू असताना तिच्या टोकांवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट हवेत. बाराच्या खाली आले तर इंधनाचा पंप आणि इंजेक्टर दोन्ही मंदावतात. टोकांवरचा हिरवा-पांढरा क्षार घासून काढणं, नट आवळणं, इथपासून सुरुवात करा.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात तयार होणारा दाब, मी सगळ्यात शेवटी बघते. सगळे प्लग काढलेले, ठिणगी बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघा. १० ते १५ टक्क्यांपर्यंत चालतो. एकच सिलिंडर त्याहून खाली असेल, तर त्या सिलिंडरच्या रिंगा, व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचं काम निघालं, आणि आता इंजिन उघडायला खरोखर कारण आहे.

आत बसवलेलं डिझेल इंजिन

डिझेलला ठिणगी नाही, त्यामुळे तपास छोटा होतो, आणि धूर साक्षीदार असतो. आरपीएम पूर्ण येत नाहीत आणि काळा धूर निघतोय: डिझेल पोचतंय, पण जळायला हवा पुरत नाहीये किंवा ओझं जास्त आहे. हवेचा फिल्टर, टर्बो, पंखा आणि तळ बघा. आरपीएम येत नाहीत आणि धूरही नाही: डिझेलच पोचत नाहीये. निळा धूर ऑइलचा. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल, तर न जळलेलं डिझेल किंवा पाण्याची वाफ.

डिझेल न पोचण्यामागे जवळपास नेहमी फिल्टर असतो. टाकीच्या तळाशी पाणी साठलं की पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढतात, त्यांचा काळा चिकट गाळ होतो. शांत पाण्यात तो खाली पडून राहतो. लाटा उसळल्या की टाकी ढवळते आणि गाळ फिल्टरमध्ये येतो. म्हणून डिझेल बोटीची ताकद नेमकी खराब हवेतच जाते, जेव्हा ती सगळ्यात जास्त हवी असते. दोन फिल्टर शिल्लक बाळगा, आणि ते बदलून लाइनमधली हवा काढायचं काम धक्क्याला बांधलेल्या बोटीवर हात बसेपर्यंत करून बघा. हलत्या बोटीत, डिझेलच्या वासात, ते पहिल्यांदा शिकता येत नाही.

काळा धूर आहे, हवेचा फिल्टर स्वच्छ, पंखा स्वच्छ, तरी इंजिन गुदमरतंय, तर एक्झॉस्टचा कोपरा खोला, जिथे थंड करणारं पाणी धुरात मिसळतं. तिथे काजळी आणि मीठ मिळून दगडासारखा थर होतो, आणि मी असे कोपरे पाहिलेत ज्यांत जेमतेम करंगळी जाते. वरून काहीच दिसत नाही. थर खरवडून निघत असेल तर ठीक, पण भिंत पातळ झालेली वाटली तर कोपरा नवाच घाला, कारण तो फुटला की समुद्राचं पाणी सिलिंडरमध्ये उतरतं.

दुरुस्ती झाली की खात्री पाण्यातच करायची. जमिनीवर पाण्याचे कान (नळाचं पाणी इंजिनाला देणारे रबरी कप) लावून इंजिन फक्त मंद चालवता येतं. ओझ्याशिवाय ताकद कळत नाही, आणि तिथे आरपीएम वाढवले तर इंजिनाचं नुकसान होतं. सुरुवातीचीच फेरी मारा: तीच माणसं, तेवढंच सामान, तीच ट्रिम, तोच थ्रॉटल. पूर्ण थ्रॉटलचे आरपीएम, वेग, बॅटरीचे व्होल्ट आणि पाण्याची धार कशी आहे ते वहीत तारखेसह लिहा. दोष पाच मिनिटांनी यायचा, तर वीस मिनिटं पळवा. परत येताना इंजिन बंद करण्याआधी झाकण काढून प्रत्येक क्लिपखाली कोरडा कागद फिरवा आणि तो हुंगून बघा.